पलीकडचा अर्धा पूल

सुलाबाईला प्रश्न फार पडायचे. आमटीत मीठ घातलं की नाही हे एखादे वेळी तिच्या ध्यानात राहत नसे, पण शेजारच्या दारात सकाळीच टांगा कशाला थांबला हे कळेपर्यंत तिला घास गोड लागत नसे. सायखेड्याला माहेरी होती तोवर वडील थट्टेनं म्हणायचे, "हिला पोलिसात भरती करून टाकू." पोलिसात जायचं राहिलं. सहासष्ट साली तिचं लग्न झालं आणि ती नाशकात बोरवाडीला नांदायला आली.

नवरा बहिरू सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता. बोलणं इतकं बेताचं, की सुलाबाईनं चार प्रश्न विचारावेत तेव्हा त्याचं एक "हं" यावं. सासू कुसाबाई मात्र उत्तर द्यायला कायम तयार. तिला ठाऊक नाही अशी गोष्टच जगात नव्हती, आणि त्यातल्या बऱ्याचशा तिनं कधी डोळ्यांनी पाहिलेल्या नव्हत्या.

घराचं मागचं दार नासर्डीकडं उघडायचं. दाराला तीन पायऱ्या, पुढं धुणं धुवायचा दगड, मग बाभळी आणि बेशरमाची झुडपं, आणि खाली नदी. नदी म्हणायची इतकंच. पावसाळ्यात तांबडं पाणी घोंघावत जायचं, एरवी गाळ आणि मधोमध एक मोठा सपाट काळा खडक. पलीकडच्या काठावर सुजातानगर. बौद्धांची वसाहत, कुणी एसटीत, कुणी रेल्वेत, एकदोघं मास्तर. मध्ये बुद्धविहाराचा पांढरा कळस दिसायचा. उन्हाळ्यात नदी ओलांडायची म्हटलं तर कुणालाही ओलांडता आली असती. सुजातानगरची माणसं चपला हातात धरून, गाळ तुडवत बोरवाडीच्या बसथांब्यावर यायचीच. बोरवाडीचं मात्र कुणी पलीकडं जात नसे. का जात नाही, हा प्रश्न सुलाबाईनं आल्या वर्षीच विचारला होता. "आपलं काय काम तिकडं?" असं कुसाबाई म्हणाली आणि तो विषय मिटला.

मिटला नाही तो आवाजाचा विषय. रोज दुपारी पलीकडून आवाज यायचा. ठक ठक, ठक ठक. थोडं थांबून पुन्हा ठक ठक. लिंबाखाली एक बाई मांडी घालून बसलेली असायची आणि पुढ्यात काहीतरी ठेवून ठोकत असायची. काय ते एवढ्या लांबून दिसायचं नाही.

"कातडं कुटत असतील," कुसाबाई म्हणाली.

"कातड्याचा असा आवाज येतो का?"

"मग काय येतो?"

पंधरा वर्षं सुलाबाई त्या बाईकडं बघत राहिली. तिची लुगडी ओळखू यायला लागली. हिरवं गेलं, जांभळं आलं. तिला दोन मुलं झाली ती सुलाबाईला दोरीवरच्या लंगोटांवरून कळली, मुली आहेत हे पुढं झग्यांवरून. एकदा दारात माणसं जमली, पांढऱ्या कपड्यातली, आणि चार दिवस ठक ठक बंद राहिलं. म्हणजे घरातलं म्हातारं माणूस गेलं. एकोणसत्तरच्या पुरात पाणी पायऱ्यांपर्यंत चढलं, तेव्हा हीच बाई पलीकडून दोन्ही हात हलवून 'आत जा, आत जा' असं खुणावत होती. एवढं सगळं ठाऊक, पण नाव ठाऊक नाही. आवाज कसा, तोही ठाऊक नाही.

एक्याऐंशी साली बोरवाडीच्या नवरात्र मंडळानं मोठा बेत काढला. अध्यक्ष सावळीराम पिठाच्या गिरणीचा मालक होता. हौशी माणूस, आवाज खणखणीत. मारुतीच्या पारावर बैठक भरली तेव्हा तो म्हणाला, "यंदा देवी मांडवात बसवायची नाही. नदीतल्या खडकावर बसवायची. काठापासून खडकापर्यंत बांबूचा पूल, त्यावर कमानी, झालरी, दिवे. लोक पुलावरून चालत जातील, दर्शन घेतील अन् परत येतील. नाशकात असा देखावा कुणी पाहिला नसंल."

माणसं खूश झाली. बायका मागं बसल्या होत्या, त्यांतून सुलाबाई म्हणाली, "भाऊ, जाणारे बी त्याच पुलावरून अन् येणारे बी त्याच पुलावरून? पलीकडच्या अंगानं उतरायला वाट नको का?"

"पलीकडं उतरून काय करायचं, वहिनी?" सावळीराम म्हणाला, आणि सगळे हसले. बहिरूनं मान खाली घातली. घरी येताना सुलाबाई त्याला म्हणाली, "मी काय वावगं विचारलं?" बहिरू म्हणाला, "हं."

मांडववाला कोंडाजी बांबू घेऊन आला. नदीत कमरेएवढं पाणी होतं, त्यात उतरून त्याच्या माणसांनी खांब ठोकले, वर फळ्या टाकल्या. गुलाबी आणि पिवळ्या कापडाच्या झालरी लागल्या, कागदी फुलं लागली, कमानीवर रंगीत बल्ब. खडकावर देवी बसली. तिच्या मागं सप्तशृंगीचा गड रंगवलेला भला मोठा पडदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पूल खरोखर देखणा झाला. सुलाबाई दिवसातून तीनदा त्यावरून चालत जायची आणि दर वेळी पडद्याशी थांबून परत फिरायची. पलीकडून देवी कशी दिसत असेल? पाठच दिसत असेल. नाही, पाठही नाही. पडद्याची उलटी बाजू, मेणचट, रंग झिरपलेली.

तिसऱ्या माळेला सकाळी ती धुणं घेऊन मागच्या दारात आली आणि तशीच उभी राहिली. पलीकडच्या काठावरून माणसं खांब रोवत होती.

तासाभरात बातमी वाडीभर झाली. सावळीराम तावातावानं खडकावर गेला. पडद्याच्या कडेनं वाकून त्यानं हाक मारली. पलीकडून काम बघणारा भिकन पुढं आला. हा एसटीच्या वर्कशॉपात बसगाड्या रंगवायचा. बोरवाडीच्या थांब्यावर रोजचं येणं-जाणं, त्यामुळं दोघं एकमेकांना ओळखत होते.

"भिकन, हे काय चालवलंय?"

"पूल बांधतोय."

"दिसतंय ते. कशासाठी?"

"विजयादशमीला आमचा धम्मचक्राचा कार्यक्रम. गावोगावची माणसं येणार. बस थांबते तुमच्याकडं. म्हाताऱ्या माणसांनी चिखल तुडवत किती वर्षं यायचं? तुमचा अर्धा पूल झालाच आहे, म्हटलं अर्धा आपण करू. दसऱ्याला तुमची देवी उठली की दोन्ही एक होतील."

"अन् विचारायचं नाही?"

"तुम्ही विचारलं होतं का? खडक नदीचा आहे."

"मंडळात ठरवू," म्हणून सावळीराम परतला. मंडळात दोन दिवस नुसता आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं पोलिसात जाऊ, कुणी म्हणालं मराठवाड्यात नामांतरावरून काय झालं ते विसरलात का, उगाच काडी लावू नका. ठरलं काहीच नाही. तोवर पलीकडचा अर्धा पूल खडकाला येऊन टेकला. त्याला झालरी नव्हत्या. खोक्यांच्या फळ्यांचा कठडा होता, त्यावर भिकननं पांढऱ्या रंगावर निळी पिंपळपानं काढली होती, मध्येमध्ये हत्ती. इकडचा गुलाबी, तिकडचा निळा, आणि मध्ये पडदा.

सहाव्या माळेला सकाळी देवीपुढच्या दिव्यात तेल घालायची पाळी सुलाबाईची होती. खडकावर दुसरं कुणी नव्हतं. ती वाकून तेल ओतत होती तोच आवाज आला. ठक ठक. ठक ठक.

पंधरा वर्षं लांबून ऐकलेला आवाज आता पडद्यामागं, दोन हातांवर होता. तिनं तेलाची बुधली खाली ठेवली, इकडं तिकडं पाहिलं आणि पडद्याची कड वर उचलली.

जांभळ्या लुगड्यातली बाई कठड्याला खिळा मारत होती. जवळून पाहता ती सुलाबाईला वाटली होती त्यापेक्षा बुटकी होती आणि वयानं थोडी मोठी. कानाशी केस पांढरे. ती दचकली, मग टक लावून बघायला लागली.

"रामराम," सुलाबाई म्हणाली, तेवढ्यात ती म्हणाली, "जयभीम."

"तुम्ही तीन पायऱ्यांच्या घरातल्या," ती बाई म्हणाली. आवाज घोगरा होता. सुलाबाईनं मनात धरला होता तसा मुळीच नव्हता.

"व्हय. सुलाबाई. अन् तुम्ही?"

"शकुबाई. भिकन माझा दीर."

"एक विचारू? तुम्ही रोज दुपारी काय ठोकता?"

शकुबाईनं बाजूची पाटी पुढं ओढली. तिच्यात पत्र्याचे कंदील होते. तेलाचे रिकामे डबे कापून, सरळ करून, त्यांना खिळ्यानं भोकं पाडलेली. नुसती भोकं नव्हती. भोकांचे मोर होते, वेली होत्या, चाकं होती.

"हे पुलासाठी. एरवी किसण्या करते मी. माझे वडील कळवणच्या बाजारात बसायचे किसण्या घेऊन, त्यांचं बघून शिकले. बुधवारच्या बाजारात एक बाई घेऊन जाते माझ्याकडनं."

"बुधवारच्या बाजारात? गोल पाठीची, कडेला दुमडलेली?"

"तीच."

सुलाबाईच्या घरात तसली किसणी गेली कित्येक वर्षं होती. उपासाला रताळं त्यावरच किसलं जायचं. "अगंबाई," ती म्हणाली, "अन् आमच्या सासूबाई म्हणायच्या..."

"काय म्हणायच्या ते मला ठाऊक हाय," शकुबाई म्हणाली. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं आणखी एक खिळा मारला. "आता मी एक विचारते. तुम्ही पायरीवर बसून काय वाचता? मान हलते तुमची."

सुलाबाईला वाटायचं, बघणारी आपण एकटीच. "पुड्यांचे कागद," ती ओशाळून म्हणाली. "किराणा आणला की पुड्या सोडते अन् कागद वाचते. कधी गोष्ट असते, कधी खटल्याची बातमी."

"मग कागद संपला की पुढं काय झालं ते कसं कळतं?"

"नाय ना कळत. तेच तर!"

आता मात्र शकुबाई खळखळून हसली. काठावरून कुणीतरी सुलाबाईला हाक मारली आणि तिनं पडदा सोडला.

अष्टमीला संध्याकाळी गर्दी उसळली. अर्धा पूल गुलाबी अन् अर्धा निळा ही बातमी शहरभर झाली होती, आणि पलीकडं दिवे लागले की पत्र्याच्या कंदिलांतून उजेडाचे ठिपके पाण्यावर सांडायचे, ते बघायला लोक काठाकाठानं उभे राहायचे. कालिकेच्या यात्रेहून परतणारी माणसंही वाट वाकडी करून आली. बोरवाडीच्या पुलावर जाणारे आणि येणारे समोरासमोर अडले. मागचे पुढं रेटत होते. खडकावर सुलाबाई बायकांना रांगेत लावत होती, कुसाबाई देवीच्या उजव्या हाताला बसली होती. एकाएकी बांबू करकरले आणि पूल एका अंगाला झुकला. एक कमान दिव्यांसकट पाण्यात पडली. बायका किंचाळल्या.

"मागं सरा! मागं सरा!" सावळीराम काठावरून ओरडत होता, पण मागं सरायला जागा कुठं होती.

सुलाबाईनं विचार केला नाही. ती पडद्याच्या दोरीशी गेली. गाठ कोंडाजीनं आवळून मारलेली, ती सुटेना. तिनं दात लावले. गाठ सुटली, सप्तशृंगीचा गड एका बाजूनं खाली आला आणि मागं निळा पूल दिसला. पत्र्याच्या मोरांमधून दिवे लखलखत होते.

"इकडून उतरा!" ती ओरडली. "शकुबाई! माणसं येतायत!"

शकुबाई आणि भिकन पळत आले. सुजातानगरची आणखी माणसं आली. त्यांनी कठड्याला हात धरून साखळी केली आणि एकेकाला पलीकडं उतरवलं. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, घाबरून रडणाऱ्या. इकडचा भार हलका झाला तसा बांबूचा पूल थरथरायचा थांबला. कुणी पडलं नाही, कुणाला लागलं नाही. एका बाईची चप्पल गेली, तीही पुढं सापडली.

सगळ्यात शेवटी सुलाबाई पलीकडं उतरली. सासू कुठं दिसेना म्हणून ती घाबरी झाली. कुसाबाई शकुबाईच्या ओट्यावर टेकून बसली होती आणि हातातला तांब्या रिकामा करत होती. सुनेला बघून तिनं तांब्या खाली ठेवला.

"तहान लागली होती," ती म्हणाली.

सुलाबाईनं मागं वळून पाहिलं. समोर बोरवाडी होती. पंधरा वर्षं जिथून बघत होती ते घर आता ती समोरून बघत होती. किती लहान दिसत होतं ते. भिंतीचा पोपडा निघालेला, पायऱ्यांपैकी खालची कललेली. दारात कंदील घेऊन बहिरू उभा होता, मान उंच करून काठाकडं शोधत. त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण तो कुणाला शोधतोय हे इतक्या लांबूनही कळत होतं. शकुबाईला आपलं घर रोज असं दिसतं तर, तिला वाटलं. तिनं जोरानं हात हलवला. बहिरूनं कंदील वर धरला.

सकाळी ती जरा धास्तीनंच खडकावर गेली. सावळीराम खाली पडलेल्या पडद्याकडं बघत उभा होता. कोंडाजी शेजारी होता.

"कुणी सोडला पडदा?" सावळीरामनं विचारलं.

"मी," सुलाबाई म्हणाली.

त्याचे डोळे तांबारलेले होते. रात्रभर झोपला नसावा. "कोंडाजी," तो म्हणाला, "पडदा चार हात डावीकडं घेऊन बांध. उजवीकडनं वाट राहू दे."

मंडळातले दोघं त्या दिवसापासून आले नाहीत. पलीकडंही सगळं सोपं नव्हतं. एका म्हाताऱ्या मास्तरांनी भिकनला बजावलं, "आपण प्रतिज्ञा घेतल्यात. देवीसमोरून आपल्या माणसांची रांग जायची नाही." भिकन म्हणाला, "गुरुजी, वाटेनं चालणं म्हणजे पूजा नाही." मास्तरांना ते पटलं की नाही कळलं नाही, पण दसऱ्याला ते स्वतः बसमधून उतरून, काठी टेकत, देवीकडं न बघता, सरळ चालत पलीकडं गेले.

दसऱ्याला दिवसभर पुलावर माणसं होती. पांढरे कपडे घातलेले लोक विहाराकडं जात होते, आपट्याची पानं घेतलेले शिलंगणाला निघाले होते. काही जण नुसतेच या टोकाहून त्या टोकाला चालत होते आणि परत येत होते. त्यांना कुठंच जायचं नव्हतं. सुलाबाई त्यांच्यातली एक. विहाराच्या अंगणात तिनं खीर खाल्ली. मूर्तीसमोर लोक काय म्हणतात ते कान देऊन ऐकलं, भाषा कळली नाही, तर शकुबाईच्या थोरल्या मुलीला अर्थ विचारून तिला भंडावून सोडलं.

दोन दिवसांनी कोंडाजीनं बांबू काढून नेले. त्याला पुढचा मांडव घालायचा होता. सुजातानगरचा अर्धा पूल जूनपर्यंत टिकला, मग पहिल्या मोठ्या पाण्यात गेला. पुढच्या वर्षी मंडळात फूट पडली आणि देवी पुन्हा रस्त्याकडेच्या मांडवात बसली. दोन रंगांचा पूल पुन्हा कुणी बांधला नाही.

कोंडाजीला मात्र ते कंदील विसरता आले नाहीत. तो शकुबाईच्या दारी जाऊन कंदील मागायला लागला. लग्नाला, गणपतीला, आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीलाही. तिला एकटीला काम झेपेना. एका दुपारी सुलाबाईनं पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि गाळ तुडवत पलीकडं गेली. कुसाबाई दारातून म्हणाली, "लोक काय म्हणतील?" बहिरूची त्या दिवशी सुटी होती. तो म्हणाला, "काय म्हणतात ते ती विचारून येईल." त्याचं एवढं लांब वाक्य घरात फार दिवसांनी ऐकू आलं.

सुलाबाईचे पहिले मोर कोंबड्यांसारखे दिसायचे. खिळा कुठं जोरानं मारायचा, कुठं हलका, ते अंगठा दोनचारदा ठेचल्यावर कळलं. हात चालायला लागला तसं तोंडही. शकुबाईला विचारायचं काय उरलं होतं? पुष्कळ होतं. लग्न कसं झालं, दीक्षा घेतली तेव्हा तिचे वडील काय म्हणाले, पहिलं अपत्य गेलं ते कशानं. काही उत्तरं शकुबाई लगेच द्यायची. काहींना ती म्हणायची, "आज नको." सुलाबाईला थांबणं तिथं शिकावं लागलं.

नाशिकची महापालिका झाली आणि शहाऐंशी साली खडकाच्या थोडं खालच्या अंगाला फरशीपूल झाला. करड्या सिमेंटचा, ना कठडा ना कमान. सुजातानगरच्या लोकांनी अर्जावर अर्ज केले होते, आणि शेवटच्या अर्जावर सावळीरामचीही सही होती. मोठं पाणी आलं की पूल बुडायचा, पण एरवी सायकली जायच्या, भाजीच्या गाड्या जायच्या. खाली बघत कुणी थांबत नसे. नवी आलेली माणसं विचारायची, इथं म्हणे पूर्वी देखावा होता? सुलाबाई सांगायला बसली की त्यांना उशीर व्हायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी ती फरशीपुलाच्या या टोकाला पिशवी घेऊन उभी होती. शकुबाई पलीकडून आली. दोघी मिळून बसथांब्यावर गेल्या. शकुबाईच्या माहेरच्या बाजारात आता किसण्या कोण विकतं, ते सुलाबाईला बघायचं होतं. कळवणची गाडी आली. खिडकीची जागा सुलाबाईनं पटकावली.

"वाटेत वणी लागतं ना?" गाडी सुटायच्या आत तिनं विचारलं. "अन् तुमच्याकडं 'आहे'ला 'शे' म्हणतात ते खरं का? मग 'नाही'ला काय म्हणतात?"

"जरा बसू द्या तरी," शकुबाई म्हणाली आणि पिशवी पायाशी सारून तिच्या शेजारी टेकली.